कीस पाडला खरा, पण…

नमस्कार. मानसशास्त्रातले शब्द लोक चुकीचे वापरतात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, आवडली. तुमचे आक्षेप तीन. स्किझोफ्रेनियाचा शब्दशः अर्थच ‘दुभंगलेलं मन’ असा आहे, मग ‘एका देहात दोन माणसं’ असं लोक समजतात, त्यात त्यांचं चुकलं कुठे? ‘नकारात्मक प्रबलन’ (निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट) म्हणजे सरळ शिक्षा, मी उगाच घोळ घातला. आणि आपल्या नीटनेटकेपणाबद्दल कुणी हसत हसत ‘मला ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी पुन्हापुन्हा तीच कृती करायला लावणारा आजार) आहे’ म्हटलं, तर शब्दाचा कीस पाडून काय हशील?

आधी कबुली. ‘असे शब्द वापरणाऱ्यांना काही कळत नाही’ हे माझं वाक्य आगाऊ होतं, ते लेखातून काढलंय. ‘डिप्रेशन’ हा शब्द रोजच्या बोलण्यात नुसत्या उदासीसाठीही चालतो, हेही तुमचंच खरं. मार्क कमी पडले की मीही ‘डिप्रेशन आलं’ म्हणायचो आणि मला आजार झालाय असं ऐकणाऱ्याला कधी वाटलं नाही.

स्किझोफ्रेनियाची व्युत्पत्ती तुम्ही बरोबर दिलीत. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी १९०८ मध्ये ‘फाटणे’ आणि ‘मन’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून हे नाव घडवलं. मात्र एका देहात दोन माणसं, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. विचार आणि भावना यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते, हे त्यांना सांगायचं होतं. नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी पाळत ठेवतंय अशी खात्री बसते, बोलण्यातला धागा तुटतो. माणूस मात्र एकच असतो. आळीपाळीने वेगवेगळ्या ओळखी वावरतात तो विकार निराळा. ‘छिन्नमनस्कता’ हा मराठी शब्द करताना आपणही तोच घोटाळा उचलला. जपानमध्ये जुन्या नावाचा अर्थ ‘मन फाटण्याचा आजार’ असा होत असे. ते नाव रुग्णाला सांगायलाच डॉक्टर कचरत. रुग्णांच्या कुटुंबीयांनी मागणी लावून धरली आणि २००२ मध्ये ते बदललं गेलं.

आता प्रबलन. इथे मात्र मी मागे हटणार नाही. प्रबलन म्हणजे ज्यामुळे एखादी वागणूक वाढते ते. शिक्षेने ती घटते. ‘नकारात्मक’ऐवजी ‘ऋण’ म्हणा, म्हणजे निम्मा गोंधळ मिटेल, कारण वर्तनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या या परिभाषेत हा शब्द चांगल्या-वाईटाचा नाही, वजाबाकीचा आहे. काहीतरी नकोसं वजा होतं आणि ज्या कृतीमुळे ते वजा झालं ती कृती पुढच्या वेळी हटकून होते. गाडीत पट्टा लावेपर्यंत टिंगटिंग चालू राहते. पट्टा लावला की थांबते. यात शिक्षा कुणाला झाली?

याहून मजेशीर उदाहरण घ्या. मूल भोकाड पसरतं, आई त्याच्या हाती मोबाइल देते, रडणं थांबतं. मुलाला मोबाइल मिळाला, म्हणजे हवंसं काही जमा झालं, हे रडण्याचं धन प्रबलन. आईच्या कानाची कटकट गेली, म्हणजे मोबाइल देण्याचं ऋण प्रबलन. दोघंही एकमेकांना शिकवत बसतात आणि दोष तेवढा मोबाइलला.

तुमच्या तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर इथेच आहे. ओसीडीला आपल्याकडे ‘मंत्रचळ’ असा जुना शब्द आहे; नीटनेटकेपणाशी त्याची गल्लत कुणी करणार नाही. हाताला घाण लागलीय, आता घरच्यांना काहीतरी होणार, असा विचार नको असताना घुसतो. छातीत धडधडतं. हात धुतले की जरा बरं वाटतं. ते ‘जरा बरं’ म्हणजेच ऋण प्रबलन! भीती वजा झाली, म्हणून धुणं बळावलं. पुढच्या वेळी दोनदा, मग दहादा. रुग्णाला यात गंमत वाटत नसते. बऱ्याचदा हे निरर्थक आहे हेही त्याला कळत असतं. उपचारातही मुद्दाम भीतीला सामोरं जायचं आणि हात मात्र धुवायचे नाहीत, असं तज्ज्ञाच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने करवून घेतात. सुटका मिळवून देणारी कृतीच केली नाही, तर तिला बळ कुठून मिळणार?

‘ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा’ धरून चाललात, तर हा उपचार म्हणजे निव्वळ छळ वाटेल. आणि घरातले लोक मायेपोटी ‘हो हो, दार लावलंय’ असं विसाव्यांदा सांगतात, त्याने आजार का वाढतो, तेही उमगणार नाही.

गाडीच्या पट्ट्याचं उदाहरण मूळ लेखात नव्हतं, तिथे मी कमी पडलो. आज ते घातलंय. पुन्हा वाचून पाहा, आणि अजूनही शिक्षाच वाटली तर इथेच लिहा.