‘लिटरली’चा वापर कसा करावा

आपले इंग्रजी बोलणे समोरच्याच्या मनावर ठसत नाही अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी व्याकरण सुधारण्याच्या फंदात न पडता ‘लिटरली’ हे एकच क्रियाविशेषण आत्मसात करावे. हा शब्द लॅटिनमधल्या ‘अक्षर’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे आणि आपला ‘अक्षरशः’ही त्याच घडणीचा आहे, त्यामुळे जे म्हटले ते तंतोतंत तसेच घडले, असा त्याचा अर्थ घेण्याचा मोह नवशिक्यांना होतो. तो आवरावा.

जी गोष्ट घडणे शक्यच नाही तिच्यामागे हा शब्द उभा करावा, हा पहिला नियम होय. ‘हसून हसून मी लिटरली मेलो’ असे सांगणारा गृहस्थ पुढच्याच वाक्यात जेवायला काय आहे अशी चौकशी करतो आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीही खांदेकऱ्यांची जमवाजमव करत नाही, इतका हा व्यवहार उभयपक्षी समजुतीचा आहे. याउलट, घड्याळ पाहून ‘मी लिटरली दहा मिनिटे उभा होतो’ असे प्रामाणिकपणे सांगाल, तर ऐकणारा मनातल्या मनात त्या दहाची चार करून घेईल. खऱ्या गोष्टीला हा शब्द लावणे म्हणजे तिच्याविषयी विनाकारण संशय निर्माण करणे होय.

ज्यांना हा वापर खपत नाही, त्यांनीही निराश होऊ नये. संतापण्याची एक रूढ पद्धत त्यांच्यासाठी सिद्ध आहे. भाषेची ही नासाडी आजच्या तरुण पिढीने केली असे ठासून सांगावे आणि जुनी पुस्तके मात्र चुकूनही उघडू नयेत. उघडलीच, तर फ्रान्सिस ब्रूक या लेखिकेच्या १७६९ सालच्या कादंबरीत सुंदर स्त्रियांच्या मेळाव्यात जाणे म्हणजे ‘लिटरली’ लिलीच्या फुलांत चरणे असल्याचे आढळेल. १८७६ साली मार्क ट्वेनचा टॉम सॉयर कुंपण रंगवण्याचे काम इतरांच्या गळ्यात मारून ‘लिटरली’ संपत्तीत लोळू लागतो, आणि त्या संपत्तीत एक डोळ्याचे मांजराचे पिल्लू, बारा गोट्या आणि दोरीसकट एक मेलेला उंदीर यांचा समावेश असतो. (उंदराला दोरी का, तर गरगर फिरवता यावा म्हणून. श्रीमंतीची याहून चोख व्याख्या माझ्या पाहण्यात नाही.)

अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने १९०९ साली बजावले होते, की अतिशयोक्ती करणे वाईट आहेच, पण तिच्या खरेपणाची ग्वाही देणे असह्य आहे. त्याच वर्षी मेरियम-वेबस्टरच्या कोशाने हा सैल अर्थ नोंदवूनही टाकला. ऑक्सफर्डच्या कोशाने २०११ साली आपली नोंद सुधारली आणि भाषा बुडाल्याची बोंब २०१३ साली उठली. म्हणजे मधली दोन वर्षे भाषेच्या रक्षकांपैकी बहुतेकांनी कोश उघडलाच नसावा.

संताप व्यक्त करताना मात्र शब्द जपून निवडावेत. ‘हे व्हेरी चुकीचे आहे’ असे म्हणण्याची सोय नाही, कारण ‘व्हेरी’ हा जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दापासून आला आणि नुसता जोर देता देता आपला खरेपणा गमावून बसला. ‘रिअली’ही त्याच वाटेने गेला. इंग्रजीत खरेपणाची शपथ घेणारा शब्द फार दिवस शपथेवर राहत नाही, त्याला लगेच ओझी वाहायला जुंपतात. तेव्हा नव्या शब्दाची निवड करून ठेवलेली बरी.

राहता राहिला तो दुर्दैवी मनुष्य, ज्याच्या घराचे छप्पर खरोखरच उडाले आहे किंवा ज्याच्या घरात काही खरोखरच जळत आहे. त्याच्यासाठी इंग्रजीत तूर्त काहीही शिल्लक नाही. त्याने अग्निशमन दलाला फोन करताना ‘लिटरली’ हा शब्द कटाक्षाने टाळावा, मोजकेच बोलावे आणि पत्ता सांगावा.