घड्याळ विकताय ना, मग दोन मिनिटं शिकवा की

डोकं तापलंय. बेळगावच्या बाजारातून आत्ताच आले, पिशवी तशीच दारात ठेवलीय, आधी हे लिहिते.

आईच्या घड्याळाचा पट्टा बदलायला गेले होते. पुढे येळ्ळूर गावचे एक मामा उभे होते. टोपी, कोपरी आणि मनगटावर पोराने घेऊन दिलेलं चांगलं जाडजूड काट्यांचं घड्याळ. तक्रार एवढीच, की "तारीख दुपारीच बदलतीया." काउंटरवरच्या पोराने चावी ओढली, तासकाट्याचा एक पूर्ण फेरा पुढे नेला, चावी दाबली. झालं. पन्नास रुपये! वर म्हणतो, "महिना संपला की येऊन जावा मामा, तारीख परत बघायला लागतंय." मामांनी नोट काढून दिली आणि त्यालाच हात जोडले.

मला तिथंच बोलायचं होतं, पण मामांसमोर वाद नको म्हणून गप्प बसले. आता बोलते.

काट्याच्या घड्याळाला दुपारचे बारा कुठले आणि रात्रीचे कुठले हे कळत नाही. वेळ लावताना बारा तासांचा फरक पडला की तारीख मध्यरात्रीऐवजी भर दुपारी पुढे सरकते. उपाय सोपा. चावी दुसऱ्या टप्प्यापर्यंत ओढायची आणि काटे पुढे फिरवत राहायचं. तारीख ज्या बाराला बदलेल ते रात्रीचे बारा. तिथून पुढे मोजून आत्ताची वेळ लावायची. पहिल्या टप्प्यावर फक्त तारीख बदलते, पण रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात ती तशी बदलू नये, कारण आतली चाकं तेव्हा तारीख ढकलायच्या कामाला लागलेली असतात, दाते बिघडतात. आणि महिन्याचं म्हणाल, तर साध्या तारखेच्या घड्याळात आकडे एक ते एकतीस असेच फिरतात. त्यामुळे फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर संपला की वर्षातून पाच वेळा हाताने पुढे न्यावी लागते. एवढंच. यासाठी मामांनी येळ्ळूरहून बसने यायचं?

दुकानदाराला भाडं असतं, वीजबिल असतं, मान्य. पन्नास घ्या. पण घेताना दाखवा की!

आमच्या आईचं सांगते. वडगावात आयुष्यभर माग चालवला, शाळा चौथीपर्यंत. भावाने दुबईहून तिला आकड्यांचं घड्याळ आणलं. पाच गजर, टायमर, स्टॉपवॉच, जगातल्या शहरांच्या वेळा, सगळं त्यात. मी म्हटलं, दे, मी लावून देते. तर म्हणाली, "तू लावलंस तर उद्या परत तुलाच विचारायला लागतंय. दाखव नुसतं, मीच करतो." मग रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघी बसलो. डावीकडचं खालचं बटण दाबलं की घड्याळ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं, असं मी तिला सांगितलं, आणि ते तिने धरून ठेवलं. वेळेची खोली, गजराची खोली, टायमरची खोली. आकडे लुकलुकायला लागेपर्यंत वरचं बटण दाबून धरायचं, म्हणजे त्या खोलीत बदल करता येतो.

तिला सकाळी थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि नंतर निदान अर्धा तास चहा नाही. बाई पहाटे गोळी घेते, टायमर तीस मिनिटांवर सोडते आणि पीप-पीप झालं की चहाचं आधण ठेवते. मागाच्या खडखडाटात गजर ऐकू येत नाही, म्हणून बाकीचे गजर तिने माग बंद असतानाच्या वेळांना लावलेत. हे तिला कुणी सांगितलं नाही.

आणि आपण शिकलेली माणसं! माझ्या ओळखीत किती जणांच्या घड्याळाला तासातासाला पीप वाजतं, आणि ते कसं बंद करायचं हे त्यांना ठाऊक नाही. बैठकीत वाजतं, दवाखान्यात वाजतं, मयतीत वाजतं. गजराच्या खोलीत जाऊन घंटेची खूण घालवायची असते, दहा सेकंदांचं काम. तीन छोट्या तबकड्यांची महागडी घड्याळं घेतात आणि दुसऱ्या दिवशी तणतणत दुकानात, "सेकंदकाटा बंद आहे." अहो, तो मधला लांब काटा स्टॉपवॉचचा असतो, बटण दाबल्याशिवाय तो बाराला उभाच राहणार! चालता सेकंद छोट्या तबकडीत असतो. आणि तो लांब काटा शोभेसाठी दिवसरात्र चालू ठेवलात तर सेल लवकर संपतो.

दुकानदारांवर माझा जास्त राग पाण्यावरून आहे. "३० मीटर आहे सर, बिनधास्त घाला." ३० मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुताना उडणारे थेंब आणि पाऊस सोसतं, बस्स. पोहायचं नाही. तो आकडा कारखान्यातल्या स्थिर दाबाच्या चाचणीचा. आमच्या गल्लीतली पोरं विसर्जनाला कपिलेश्वर तलावात गळ्यापर्यंत उतरतात आणि पाण्यातच बटणं दाबून वेळ बघतात. दुसऱ्या दिवशी काचेच्या आत वाफ. कुणाला विचारणार? पुस्तिका बारीक अक्षरात, इंग्रजीत. माझ्या हातात आलेल्या एकाही पुस्तिकेत मराठी नव्हतं आणि कन्नडही नव्हतं. पाटीवरच्या अक्षरांवरून आपल्याकडे रान उठतं, पण येळ्ळूरच्या मामांना नि शेजारच्या कन्नड अज्जींना एकाच वेळी अडाणी ठरवणाऱ्या त्या कागदावर कुणी चकार शब्द काढत नाही.

मोबाईलमध्ये हे सगळं असतं म्हणणारे येतीलच. असतं. पण व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं हातात मोबाईल धरून पळणार का? १६०० मीटर, ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत आलात तर पूर्ण ६० गुण. म्हणजे ४०० मीटरचा एक फेरा साडेब्याऐंशी सेकंदांत. पहिला फेरा सत्तरमध्ये मारून तिसऱ्यात धाप लागणारी पोरं मी रोज बघते. मनगटावर स्टॉपवॉच असतं, पण फेऱ्याची वेळ वेगळी आणि सुरुवातीपासूनची वेगळी हे कुणी समजावलेलं नसतं. ज्यात लॅप आहे त्यात प्रत्येक फेरा नव्याने मोजला जातो. ज्यात फक्त स्प्लिट आहे तिथे एकूण वेळ दिसते आणि फेऱ्याची वेळ वजाबाकी करून काढावी लागते. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात, आणि आपल्याच पोरांना हे माहीत नसावं, याचं फार वाईट वाटतं.

परत आईकडे येते, कारण त्या दुबईच्या वेळेचं राहिलं. भावाने तिथे स्वतःचं शहर दुबई ठेवून वर आकडे मात्र भारताचे लावून दिले होते. आठवडाभराने आई म्हणाली, "अगं, दुबईत आपल्यापेक्षा दीड तास कमी न्हवं? मग ह्यात दोन्हीकडं एकच वेळ कशी?" शिकलेल्या पोराची चूक आईने पकडली! आपलं शहर म्हणून दिल्ली निवडायची असते, मग जगाचं गणित घड्याळ आपोआप जुळवतं. तिनेच ते बदललं, मी नुसती बाजूला बसले होते. आता भावाला फोन करायच्या आधी बटण दाबून बघते, तो कामावर असेल की सुटला असेल. हे लिहिताना राग थोडा उतरला.

तर दुकानदार मित्रांनो, गिऱ्हाईक पैसे मोजत असतं तेवढ्या वेळात त्याच्याच बोटाने एकदा गजर लावून घ्या. आणि बाकी सगळ्यांनो, ज्यांचं घड्याळ अडलंय त्यांनी मागच्या झाकणाचा फोटो टाका. आकड्यांच्या बऱ्याच घड्याळांवर तिथे छोट्या चौकटीत मॉड्यूलचा, म्हणजे आतल्या यंत्राचा, नंबर कोरलेला असतो, त्यावरून कुठलं बटण कशाचं ते सापडतं. मी मराठीत लिहून देईन. कन्नडमध्ये लिहून देणारं कुणी असेल तर नाव कळवा, दोन्ही एकाच कागदावर छापून मैदानावर वाटू.