छत्रे सर्कशीचा अर्धाच इतिहास आपण सांगतो

विष्णुपंत छत्रे म्हटलं की एकच किस्सा निघतो. इटालियन सर्कसवाला किआरिनी म्हणाला, हिंदुस्थानी माणसाला सर्कस जमणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपच्या विष्णुपंतांनी ते मनावर घेतलं आणि २० मार्च १८८० रोजी 'ग्रेट इंडियन सर्कस'चा पहिला खेळ लावला. किस्सा झकासच आहे. पण तिथेच थांबून आपण छत्रे घराण्यावर अन्याय करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण हा एकट्याचा पराक्रम नव्हताच. घोड्यांची कामं विष्णुपंत करत, झुल्यावर त्यांच्या पत्नी असत आणि पुढे सर्कशीचा डोलारा सांभाळला तो बंधू काशिनाथपंतांनी. त्या काळात ब्राह्मण घरातली बाई तंबूत हजारो लोकांसमोर झुल्यावर चढते, आणि आपल्या लेखांत तिची ओळख काय, तर 'विष्णुपंतांची पत्नी'! मला याचा मनापासून राग येतो.

दुसरी गोष्ट गाण्याची. विष्णुपंत ग्वाल्हेरचे गवई हद्दू खाँसाहेब यांचे शागीर्द. गुरूंचे चिरंजीव रहिमत खाँ व्यसनापायी बनारसमध्ये हलाखीत दिवस काढत होते. विष्णुपंतांनी त्यांना शोधून आणलं आणि आपल्याजवळ ठेवलं. मग सर्कस जाईल तिथे खाँसाहेब! एवढा मोठा गवई, स्वतःच्या खाण्यापिण्याचंही भान नसलेला. त्याला जपायचं, गाता ठेवायचं, हे काही सोपं काम नाही. विष्णुपंतांनंतर काशिनाथपंतांनी तो वसा सोडला नाही. १९२२ साली कुरुंदवाडला खाँसाहेब गेले, तोवर लोक त्यांना भूगंधर्व म्हणू लागले होते. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या गायकीवर रहिमत खाँची छाप आहे, हे जाणकार मानतातच. म्हणजे आज आपण ज्या किराणा गायकीवर जीव टाकतो, तिच्या मागे एका सर्कशीच्या तंबूचाही आसरा आहे!

केरळचंही तसंच. छत्रे सर्कस तलश्शेरीला गेली, तिथे कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकाशी गाठ पडली. १९०१ मध्ये कुन्हिकण्णन यांनी तलश्शेरीजवळच्या चिरक्कराला सर्कशीची शाळा काढली आणि पुढची कित्येक दशकं देशभरच्या तंबूंना कलावंत पुरवले ते याच भागानं. केरळनं या कलेला शाळा दिली. आपण काय दिलं?

म्हैसाळचे देवल, तासगावचे परशुराम माळी हे सर्कसवालेही आपल्याच सांगली जिल्ह्यातले. कुणाच्या माळ्यावर जुनी हँडबिलं, फोटो, जमाखर्चाच्या वह्या असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. निदान मोबाईलवर नीट फोटो काढून इथे कमेंटमध्ये टाका, आणि त्यातल्या बायकांची नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून घ्या.