फेयेट : एका कंपनीचं गाव

मिशिगनमधले आपले लोक सुट्टीत मॅकिनॅक आयलंड करतात आणि परत फिरतात, राज्याच्या उत्तर भागातलं, अप्पर पेनिन्सुलातलं फेयेट राहूनच जातं. अजिबात चुकवू नका.

१८६७ मध्ये जॅक्सन आयर्न कंपनीनं हे गाव जंगलात उभं केलं. निगॉनीच्या खाणीतलं लोखंडाचं खनिज दगडमातीसकट लांबच्या शहरांत पाठवायचं म्हणजे भाड्यातच पैसे जाणार, त्यापेक्षा रेल्वेनं एस्कनाबा बंदराला, तिथून बोटीनं इथे आणायचं आणि लोखंड इथेच गाळायचं. बंदर चांगलं, शेजारीच चुनखडीचा उभा कडा, मागे मेपल आणि बीचचं दाट जंगल, म्हणजे भट्टीसाठी लाकडी कोळसा हाताशी. चुनखडी खनिजातली घाण ओढून घ्यायची, ती मळी वेगळी काढायची आणि लोखंड वाळूच्या साच्यांत सोडायचं. ती मळी आजही किनाऱ्यावर गोट्यांमध्ये पडलीय, निळसर हिरवी, काचेसारखी. बघा, पण घरी नेऊ नका, मनाई आहे.

दोन भट्ट्या, २४ वर्षं, सव्वादोन लाख टनांवर लोखंड. वस्ती ५०० च्या आसपास, कॅनडा, ब्रिटन, उत्तर युरोपातून आलेली माणसं. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टरसुद्धा कंपनीचा. मग कोकवरचं, म्हणजे दगडी कोळशापासून केलेल्या इंधनावरचं, लोखंड स्वस्त पडायला लागलं, इकडे जवळची झाडं संपत आली, कोळसा महागला आणि १८९१ ला भट्ट्या बंद.

'बाजार पडला' एवढं म्हणून लोक मोकळे होतात त्याचा मला खरंच राग येतो. झाडं अशी तोडली तर संपणार हे कंपनीला कळत नव्हतं का हो? तिचा हिशोब जुळेना तेव्हा ती निघाली, पण ज्याच्या डोक्यावरचं छप्परही कंपनीचं त्यानं बायकापोरं घेऊन कुठे जायचं?

१९५९ पासून इथे स्टेट पार्क आहे, जपलंय फार सुंदर. पण सुपरिंटेंडंटचं घर टेकाडावर दिमाखात उभं आणि मजुरांच्या लाकडी खोपटांच्या जागी नमुन्याला एक नव्यानं बांधलेलं. आपल्याकडे लोअर परळच्या मॉलमध्ये गिरणीची चिमणी ठेवलीय तसंच हे, गिरणी कामगार मात्र त्यात कुठेच नाही.

१८७० आणि १८८० च्या जनगणनेत इथल्या मजुरांची नावं, वयं, देश सगळं नोंदलंय. १८९० चे कागद बहुतेक आगीत गेले, म्हणजे शेवटी शेवटी इथे कोण होतं ते शोधणं अजून अवघड. निदान सापडतात तेवढी नावं तरी भट्टीसमोर मोठ्या अक्षरांत लावा ना, आणि पुढे ती माणसं कुठे गेली त्याचा माग काढायलाही पैसे द्या.