सिंक म्हणजे बॅकअप नव्हे!

किती वेळा सांगायचं? "फोटो क्लाउडवर आहेत ना, मग झालं!" अरे, ते सिंक आहे, म्हणजे फोन आणि क्लाउड एकसारखे ठेवणं. जागा हवी म्हणून फोनमधला फोटो उडवलात की तिकडूनही उडतो. ट्रॅशमध्ये राहतो तो थोडेच दिवस. काल पुन्हा तेच. भावाची हार्ड डिस्क लावली, तर नुसती टक्... टक्... टक्. लेकीच्या पहिल्या पावलांचे फोटो त्या एकाच डिस्कवर! तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, एवढंच तर सांगत होते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो म्हणजे प्रत नव्हे हो, तो दाबून बारीक केलेला असतो, काढल्याची तारीखही पुसलेली. भाऊ विचारतोय, "ताई, निघतील ना गं?" काय सांगू त्याला?