बीट बघ की, आत्या

परवा भाच्याने कोल्हापूरहून एक रील पाठवली. राजारामपुरीतली मिरवणूक, डॉल्बीची भिंत, नाचणारी पोरं. गाणं देवाचं, पण मधल्या कडव्यात शेजारच्या समाजाला गावातून हाकलायची भाषा. मी फोन केला तर म्हणाला, "शब्दांकडं कोण बघतंय आत्या, बीट बघ की!"

मी हॅम्बुर्गला राहते. मे २०२४ मध्ये जर्मनीतल्या झ्युल्ट बेटावर, एका महागड्या क्लबात, चांगल्या घरातली तरुण मुलं एका डान्स गाण्याच्या चालीवर 'जर्मनी जर्मनांचा, परके बाहेर' असं हसत हसत गात होती. मूळ गाणं १९९९ चं, प्रेमाचं. घोषणा मागाहून चिकटवलेली. व्हिडिओ देशभर फिरला. त्यानंतर एकदा ट्रेनमध्ये समोरचा मुलगा नुसती ती चाल गुणगुणत होता आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या 'परक्यां'त मी आहे. कोल्हापुरात मात्र गाणारा माझा भाचा आहे, आणि पोटात गोळा येणारं घर दोन गल्ल्या पलीकडे.

जर्मनीने कायद्याची वाट धरून पाहिली आहे. द्वेष पसरवणाऱ्या एका रॉक बँडला गुन्हेगारी संघटना ठरवणाऱ्या निकालावर २००५ मध्ये इथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. ते योग्यच होतं. त्याच काळात निओ-नाझी शाळकरी मुलांसाठी फुकट सीडी काढत होते, कारण चौदा-पंधराव्या वर्षी पत्रक कोणी वाचत नाही, गाणं मात्र पाठ होतं. आता सीडीही लागत नाही. पंधरा सेकंदांची चाल पुरते, आणि प्रेमगाण्याच्या नुसत्या चालीला कलम कुठलं लावणार? झ्युल्टनंतर ऑक्टोबरफेस्टच्या, म्हणजे म्युनिकच्या मोठ्या बिअर-जत्रेच्या, आयोजकांनी ते गाणंच वाजवायचं नाही असं ठरवलं. मला ते अर्धवट वाटतं. गाणं बंद झालं, ओठावरची ओळ तशीच राहिली.

आपल्याकडे डॉल्बीवरून भांडण होतं ते डेसिबलचं. आवाज किती, वेळ किती, गुन्हे किती मंडळांवर. शब्दांचा विषय निघाला की "मग त्यांची गाणी?" एवढ्यावर बोलणं थांबतं. कोल्हापुरातला ७ जून २०२३ आपण विसरलो का? काही जणांच्या सोशल मीडिया स्टेटसवर चित्राबरोबर आक्षेपार्ह आवाजही होता. त्यावरून बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद पडलं.

हे त्या गावात, जिथे शाहू महाराजांनी थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात मानाने ठेवलं, आणि जिथे मोहरम गणपतीत आला तेव्हा तालमींनी पंजे आणि गणपती शेजारी शेजारी बसवले. त्याच तालमींची पोरं आज नाचतायत. शब्दांकडे कोणी बघत नाही म्हणूनच ते आत शिरतात. डोक्याने विचार करण्याआधी तोंडाला वळण लागलेलं असतं.

पोलीस गाण्याच्या ओळी तपासत बसणार नाहीत. डॉल्बीला जोडलेला मोबाईल कुणाच्या तरी हातात असतो, आणि त्याला नावाने हाक मारणारी वडीलधारी माणसं तालमीत असतात. यंदा मी गणपतीला येतेय. मिरवणुकीआधी मंडळात बसून गाण्यांची यादी बघू, असं भाच्याला कळवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.