गाडी पाण्यात, जीव रिसीव्हरमध्ये

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. रिमोटवरच्या रॉक क्रॉलरची, म्हणजे दगडधोंड्यांवर चढणाऱ्या छोट्या गाडीची, धोका पातळी साधारण दोन-तीन इंच, कारण तिथं सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, बसलेला असतो. पहिल्या पातळीची बातमी अख्ख्या जिल्ह्याला असते. दुसरीची फक्त गाडीवाल्याला, तीही गाडी ओढ्याच्या मधोमध थरथरत उभी राहिल्यावर.

अशा वेळी काठावर सल्लागार हजर असतातच. "भावा, फुगा घाल की त्याला!" रिसीव्हरला, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या डबीला, फुगा चढवून तोंडाशी केबल टाय आवळायची ही पद्धत जुनी आणि लोकप्रिय आहे. पाणी वायरींच्या फटीतून आत जातं, आणि बाहेर यायची वाटच नसल्यामुळं तिथंच मुक्काम करतं. दुसरा सल्ला ग्लू गनचा. तो डिंक गुळगुळीत प्लास्टिकवरून गाडी तापली-गार झाली की सुटतो. तिसऱ्याला बाथरूमच्या सिलिकॉनवर फार विश्वास. सिलिकॉन चालतं, पण व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं नको. त्यातून सुटणारं ॲसिड तांब्याला खातं. दुकानात 'न्यूट्रल क्युअर' मागावं. दुकानदार आपल्याकडं बघेल, बघू दे.

आमचं मत असं की डबा हवाबंद करायच्या नादाला लागूच नये. पाणी आत येणारच, ते बोर्डाला शिवलं नाही म्हणजे झालं. गोडं पाणी तसं वाईट वाहक आहे. साडेसात व्होल्टवरची ब्रश मोटर त्यात बुडूनही फिरते ती त्यामुळंच. पण रिसीव्हरमधल्या नाजूक सिग्नलला तेवढी गळतीही पुरते. त्यात बॅटरी जोडलेली असली की ओल्या तांब्यावर हिरवा गंज चढलाच म्हणून समजा. म्हणून गाडी अडकली की आधी बॅटरी काढायची, मग हळहळायचं.

बोर्डासाठी हवं ते कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे सर्किटवर चढवायचा पातळ संरक्षक थर, शक्यतो सिलिकॉनचं, ब्रशनं लावायचं. रिसीव्हरची टोपी उघडा. बोर्ड 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं घासून वाळवा. बोटाच्या तेलकट ठशावर कोटिंग धरत नाही. पिना आणि बाइंडचं (रिमोटशी जोडी जुळवायचं) बटण टेपनं झाका, नाहीतर रिसीव्हर जन्मभर कोरडा राहील आणि कुणाचं ऐकणारही नाही. मग दोन पातळ हात, मध्ये अर्धा तास, शेवटी रात्रभर वाळवण. एकच जाड हात मारायचा मोह होतो, पण त्यात बुडबुडे राहतात. कोटिंग चमकणाऱ्या जातीचं असेल तर नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरा. जिथं काळं दिसेल तिथंच पाणी मुरणार. बहुधा ती जागा पिनांच्या खालच्या बाजूची असते. प्लग जोडताना आत थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. घरातली नेलपॉलिश वापरू नका. ती तडकते, आणि नंतर घरातलेही.

ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला, हेच औषध, फक्त हीटसिंकवर थर नको, उष्णता बाहेर पडू दे. अँटेना आत कोंडू नका, फक्त शेवटचे तीन सेंटिमीटर उघडे ठेवून तिला नळीतून वर काढा. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यातून जात नाहीत, कितीही ओरडलात तरी.

खरी डोकेदुखी सर्व्होची. त्यावर आयपी67 हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा छापलेला असतो. म्हणजे एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास. राधानगरीकडच्या राऊतवाडीच्या धबधब्याखालचं पाणी स्थिर नसतं, हे सर्व्होला कुणी सांगितलेलं नसतं. खालचे चार लांब स्क्रू काढा, बोर्डाला कोटिंग द्या, दांडा किती वळला ते मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या आत मात्र थेंबही जाऊ देऊ नका. वरच्या दातेरी दांड्याभोवती रबरी रिंग आणि वॉटरप्रूफ ग्रीस भरा. एवढं करूनही पाणी शिरतं, ते गडबडीमुळं. चढावर तापलेला सर्व्हो थेट गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि दांड्याच्या कडेनं पाणी ओढून घेते. पाच मिनिटं थांबा. चहा घ्या. कोल्हापुरात थांबायला कारण लागत नाही.

घरी आल्यावर मोटरवर डब्ल्यूडी-40 मारून पाणी हाकला. पण ते वंगण म्हणून टिकत नाही, तेव्हा दांडा ज्यात फिरतो त्या दोन्ही बुशांवर हलक्या तेलाचा थेंब हवाच. ॲक्सलमधलं ग्रीस दुधाळ झालं असेल तर पाणी आत गेलंय; पुसून नवं भरा. ओला रिसीव्हर तांदळाच्या डब्यात पुरू नका, तांदूळ आजरा घनसाळ असला तरीही. त्यानं ओल फारशी जात नाही, भुकटी मात्र कनेक्टरमध्ये जाते. टोपी काढून रात्रभर पंख्यासमोर ठेवा.

राहता राहिले टायर. आतला स्पंज पाणी धरतो, म्हणून टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यावर मधोमध दोन-तीन बारीक भोकं पाडावीत. काही जण पाडत नाहीत. खाली वजन आलं, पकड वाढली म्हणतात. घाटाच्या पायऱ्यांवर ते खरंही ठरतं. चार दिवसांनी पेटी उघडली की आत रंकाळ्याचा वास.